आधी नियमांची वही, मग पासबुक

अगं, बचत गट काढताय ते उत्तमच. 10 ते 20 जणी जमल्या की बँकेत पळू नका, आधी नियम वहीत उतरवा. ‘आपल्याच तर बायका’ म्हणून आम्ही लिहिले नव्हते. एकीने लग्नाला 20,000 उचलले आणि व्याज 2 टक्के महिन्याला की वर्षाला, यावरून तीन महिने अबोला! बैठकीचा वार, बचत किती, कर्जात आजारपण आधी की शाळेची फी, गट सोडणारीचे पैसे कधी द्यायचे (भांडणं इथेच होतात), सगळं लिहा. मोठ्याने वाचून दाखवा, मगच सह्या-अंगठे घ्या. उशिराचा दंड 10 रुपयेच ठेवा, पण अध्यक्षबाई उशिरा आल्या तर त्यांच्याकडूनही घ्या.