ऑस्ट्रेलियातील गंडागाय हे गाव मूळ जागेवरून उंचावर का हलवले गेले?

न्यू साउथ वेल्समधील गंडागाय हे गाव जून 1852 च्या महापुरामुळे हलवावे लागले, कारण ते मरंबिजी नदीच्या काठच्या सपाट पूरभूमीवरच वसवले होते. नदी किती चढते हे तेथील मूळ रहिवासी विराजुरी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि त्यांनी वसाहतवाल्यांना सावधही केले होते, पण ते कुणी मनावर घेतले नाही. जेमतेम अडीचशे वस्तीच्या या गावात रात्रीतून पाणी शिरले आणि घरांच्या माळ्यांवर, छपरांवर, झाडांच्या फांद्यांवर अडकलेल्या लोकांना यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी पुरुषांनी वाचवले; यारीची होडी झाडाच्या सालीची, एका वेळी एकाच माणसाला नेता येईल एवढी लहान होती, तरीही त्या लोंढ्यात तो पुन्हा पुन्हा गेला. या दोघांनी वाचवलेल्यांची संख्या साधारणपणे 69 सांगितली जाते. मृतांच्या आकड्याबाबत मात्र एकवाक्यता नाही. तो 78 पासून 89 पर्यंत दिला जातो. त्यानंतर वस्ती माउंट पारनॅसस या टेकडीच्या उतारावर आणि नदीपलीकडे दक्षिण गंडागायला गेली. यारीला कृतज्ञतेपोटी दिलेला, छातीवर मिरवायचा धातूचा सन्मानपट्टा गावच्या संग्रहालयात आहे, परंतु शेरिडन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर या दोघांचे कांस्यशिल्प उभे राहायला 2017 साल उजाडले, आणि हा विलंब मला फार मोठा वाटतो.