१२५, १६० की बुलेट? सीसी वाढली की विम्याचा हप्ता किती वाढतो?

रोज कोल्हापुरातून गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जायचंय, १२५, १६० आणि बुलेट ३५० यांच्यात मन अडकलंय, आणि विम्यात किती फरक पडेल असं तुम्ही विचारलंय. मी शाहूपुरीत गाड्यांच्या विम्याचं काम करतो, त्यामुळं हा हिशेब रोजचाच.

शोरूमवाला विम्याची एकच रक्कम सांगतो, पण तिच्यात दोन विमे असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्यानं सक्तीचा. दर सरकारनं ठरवलेला, कुठल्याही कंपनीकडं जा, तोच. आणि इथं फक्त सीसी बघतात. गाडी स्पोर्ट्स आहे की साधी, कोण विचारत नाही. जून २०२२ पासूनच्या दरानं नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० ला ७,३६५ आणि ३५० च्या वर गेलात की १५,११७. वर १८ टक्के जीएसटी.

आता गंमत बघा. पल्सर १५० ही १४९.५ सीसीची, ती खालच्या गटात. अपाचे १६० ही १५९.७ ची, तिला जवळपास दुप्पट. पण अपाचे आणि बुलेट एकाच गटात, कारण बुलेट ३४९ सीसीची, काठावर वाचते. ३७३ सीसीची जुनी ड्यूक ३९० मात्र सापडली वरच्या गटात. तरी १२५ आणि १६० मधला फरक वर्षाला सातशे-आठशेच्या घरात बसतो. एवढ्यासाठी आवडती गाडी सोडू नका.

दुसरा भाग ओडी, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. इथं मुख्य खेळ विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा, म्हणजे आयडीव्हीचा. गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. बुलेट १२५ पेक्षा जवळपास दुप्पट महाग, म्हणून तिचा ओडीही त्याच प्रमाणात चढतो. कंपन्या यावर सूट आपापल्या मनानं देतात, म्हणून दोन-तीन कोटेशन घ्याच. (पुणे पासिंगला ओडीचा दर आपल्यापेक्षा किंचित जास्त, कारण पुणे 'ए' झोनमध्ये आणि आपण 'बी' मध्ये.)

गाडीचा प्रकार खरा कळतो तो क्लेमच्या वेळी. फेअरिंगवाली, म्हणजे पुढं-बाजूला प्लॅस्टिकचं आवरण असलेली गाडी नुसती आडवी पडली तरी निम्मं प्लॅस्टिक बदलायला येतं, आणि प्लॅस्टिक-रबरच्या पार्टवर नुकसान तपासणारा सर्व्हेअर ५० टक्के घसारा कापतो. पत्र्याच्या पार्टवर घसारा वयानुसार लागतो, पहिले सहा महिने तर शून्य. म्हणून अशी फेअरिंगवाली गाडी असेल तर झिरो डेप घ्या, म्हणजे जादा हप्ता भरून हा घसारा टाळणारं ॲड-ऑन. बुलेटला मी एवढा आग्रह धरणार नाही.

पण आपल्याकडं खरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ ला किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. पुराचं नुकसान ओडीत बसतं. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेर काढली आणि लगेच सेल्फ मारला, की इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या इंजिनाचा खर्च इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन घेतल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा सेल्फ मारू नका, किकही नको. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टेम्पोत घालून गॅरेजला न्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी धोक्याच्या ४३ फुटांकडं निघालं की ज्यांना गाडी उंचावर हलवावी लागते, त्यांनी हे ॲड-ऑन टाळू नये.

आणखी एक. नव्या गाडीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो, पण ओडी बहुतेक वेळा एकाच वर्षाचा. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा असतात, बघतंय कोण? 'पाच वर्षांचा विमा काढलाय' म्हणून लोक निवांत, आणि दुसऱ्या पावसाळ्यात गाडी बुडाली की हातात काही नाही. शिवाय ओडी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर क्लेम न केल्याचा बोनस, म्हणजे ओडीच्या हप्त्यातली सूटही जाते, आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते.

बुलेट घेऊन सायलेन्सर बदलायचा बेत असेल तर आधी कंपनीला विचारा. न कळवता केलेला बदल क्लेममध्ये आडवा येतो. आणि कोटेशन हातात आलं की आधी आयडीव्हीचा आकडा बघा. हप्ता स्वस्त दिसावा म्हणून तोच खाली आणलेला असतो.