स्तनाच्या ऑपरेशननंतर आईच्या काखेखाली पुन्हा पुन्हा पाणी साठतंय. काय करावं?

शेजारच्या बाई "गाठ परत आली" म्हणाल्या ना, ते आधी डोक्यातून काढून टाका आणि आईंच्याही डोक्यातून काढा. ऑपरेशननंतर पाणी बाहेर काढायला ठेवलेली नळी काढल्यावर काखेखाली फुगलं, डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं आणि चार दिवसांत ते पुन्हा भरलं, असं तुम्ही लिहिलंय. याला सेरोमा म्हणतात. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्यावर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. लसिका, म्हणजे शरीरातल्या पेशींभोवतीचं पातळ पाणी, वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तिथे कापलेल्या असतात, त्यातून पाझरणारं पाणी त्या पोकळीत जमतं. कातडी खाली चिकटत गेली की पाझर आपोआप थांबतो. त्याला बहुतेकींना काही आठवडे लागतात.

माझीही डाव्या बाजूची हीच शस्त्रक्रिया झाली आहे, आणि नळी निघाल्यावर मलाही पाणी साठलं होतं. कूस बदलली की रबरी पिशवीतल्या पाण्यासारखं आत हिंदकळायचं. दुखण्यापेक्षा त्याचीच धास्ती जास्त वाटायची. सुईची भीती मात्र फुकट होती. तिथली कातडी बधिर असल्यामुळे टोचलेलं जवळजवळ कळलंच नाही. सिरिंजमध्ये फिकट पिवळं, पातळ पाणी आलं आणि काखेतला ताण लगेच सैल झाला. आईंना हे सांगा, पुढच्या वेळी त्या इतक्या घाबरणार नाहीत.

थोडंच पाणी असेल तर डॉक्टर ते मुद्दाम काढत नाहीत, कारण दर वेळी सुई घालताना जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो आणि थोडं पाणी शरीर स्वतःच शोषून घेतं. म्हणजे "आज नको काढायला" म्हणाले तर ते दुर्लक्ष नव्हे. घरी मात्र दाबून बघणं, शेक, लेप, तेलाची मालिश यातलं काहीही नको. त्या भागाला स्पर्श कळत नसतो, गरम पिशवीने भाजलं तरी समजत नाही.

झोपताना दंडाखाली मऊ उशी द्या, म्हणजे काख मोकळी राहते. पुढून उघडणारं सैल सुती पोलकं किंवा गाऊन बरा. घट्ट पट्टा बांधायचा का, ते सर्जनना विचारूनच ठरवा.

हात अजिबात न हलवणं मला सगळ्यात काळजीचं वाटतं. खांदा एकदा आखडला की तो सोडवणं फार त्रासाचं होतं. पाणी भरतंय तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा की नाही, हे फिजिओथेरपिस्टना विचारा. पण कोपर वाकवणं, मूठ उघडणं-मिटणं, त्याच हाताने जेवणं एवढं सहसा चालतं. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम त्यांनी सांगितला की रोज करून घ्या. दंडाच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात, आग होते, ते काखेतली संवेदनेची नस दुखावल्यामुळे होतं. काखेतून दंडाकडे ताठ दोरीसारखं काही हाताला लागलं तरी घाबरू नका, व्यायामाने ते सैल होतं. फक्त डॉक्टरांना दाखवा.

ताप, लाली, तो भाग गरम लागणं, पू किंवा घाण वास, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. बांगडी किंवा अंगठी घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, तर ती हाताची सूज आहे. ती वेगळी गोष्ट आहे, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकते, आणि तिच्यावर लवकर उपचार सुरू झाले तर ती आटोक्यात राहते.

आणि हो, रेडिएशन ठरलं असेल तर पाणी साठतंय हे त्या डॉक्टरांनाही आधीच सांगा. त्यांची आखणी छातीच्या आकारावरून होते आणि पाण्यामुळे तो बदलतो. दर वेळी तारीख आणि किती मिली पाणी निघालं ते वहीत लिहून ठेवा. आकडा उतरत चाललेला दिसला की आईंनाच धीर येईल.