मगरीच्या पिलांना खाद्यातून प्रतिजैविक द्यावे का?

प्रश्न : आमच्या मगरपालन केंद्रात पिले सुस्त होत असून पोटाच्या कातडीवर लालसर डाग दिसतात, मरतूकही वाढली आहे. सर्व पिलांच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळावे काय?

उत्तर : सरसकट मिसळू नये. आजारी मगर आधी खाणे सोडते. त्यामुळे औषध मिसळलेले खाद्य निरोगी पिलांच्या पोटात जाते आणि ज्यांना उपचाराची गरज आहे, ती उपाशीच राहतात. आपण वर्णिलेली लक्षणे एरोमोनाससारखे जिवाणू रक्तात पसरल्याची असू शकतात. पण हे जिवाणू पाण्यात एरवीही असतातच, म्हणून पिलांची प्रतिकारशक्ती का ढासळली, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

माझी पहिली शंका पाण्याच्या तापमानाविषयी आहे. मगरीच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते आणि ते ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिले, तर पचन, प्रतिकारशक्ती आणि औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेग ही तिन्ही मंदावतात. म्हणूनच कोंबड्यांसाठी किंवा गुरांसाठी ठरवलेली मात्रा आणि दोन मात्रांमधील अंतर मगरीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. रात्रीचे तापमानही अवश्य मोजा.

नुकत्याच मेलेल्या पिलांचे यकृत व रक्त पशुवैद्यकाकरवी तपासणीस पाठवून कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे पाहावे. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू निघाला, तर पेनिसिलिन गटाची औषधे ज्या पेशीभित्तिकेवर (जिवाणूच्या बाहेरच्या कठीण आवरणावर) घाव घालतात, तीच त्याला नसल्याने त्यांचा काहीच उपयोग होत नाही. जेंटामायसिनसारखी औषधे मूत्रपिंडाला अपाय करतात, म्हणून शरीरातील पाण्याची कमतरता आधी भरून काढावी लागते. मागील पायांतील रक्ताचा काही भाग मूत्रपिंडांतून जात असल्याने इंजेक्शन पुढच्या पायात देण्याची पद्धत आहे.

सरसकट वापराचे परिणाम अमेरिकेतील लुइझियानाच्या कासवपालनात दिसले आहेत : साल्मोनेला नष्ट व्हावा म्हणून अंडी जेंटामायसिनमध्ये बुडवली जात आणि पुढे त्याच औषधाला न जुमानणारे साल्मोनेला तेथील कासवांत आढळले. हा जिवाणू माणसालाही आजारी करतो, त्यामुळे पिले हाताळणाऱ्या आपल्या कामगारांची मला विशेष काळजी वाटते.

आजारी पिले आजच वेगळ्या, उबदार टाकीत हलवा. उपचार घेतलेल्या प्राण्याचे मांस विकायचे असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेला कालावधी उलटल्याशिवाय त्याची कत्तल करू नये आणि प्रत्येक मात्रेची तारीखवार नोंद ठेवावी.