लोडरची बकेट वाकलीय? आधी दोरी लावा, मग वेल्डिंगवाल्याकडे जा

या आठवड्यात तीन जणांचा एकच प्रश्न. शेणखत भरताना नाहीतर बांध सरळ करताना ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरची बकेट एका कोपऱ्यात वाकली, दुकानदार म्हणतो हायड्रॉलिकचं प्रेशर वाढवून देतो, नाहीतर सरळ नवीन बकेट घ्या. काय करू?

प्रेशर वाढवू नका. बकेट वजनाने नाही वाकली हो, एकाच कोपऱ्याने कडक मातीत घुसवली म्हणून वाकली, आणि रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचं प्रेशर ठराविक मर्यादेत ठेवणारा) आवळला की पुढच्या वेळी बकेटच्या जागी आर्म वाकेल, नाहीतर हायड्रॉलिक सिलेंडरचे सील जातील. दुकानदाराचं काय जातंय, सील पण तोच विकतो.

आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून प्रेशर सोडा. मग बकेटच्या पुढच्या, माती कापणाऱ्या पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा किती बाक आहे ते. सिलेंडरचा रॉड आणि पिनांची भोकंही बघाच, बकेट खाली तोंड करून रिव्हर्समध्ये माती ओढायची सवय असेल तर रॉड हमखास वाकलेला सापडतो, आणि तो तसाच ठेवून बकेट सरळ केली तर पैसे पाण्यात.

तळाचा पत्रा साधा असतो, गॅसने गरम करून चेन आणि जॅकने हळूहळू सरळ होतो. गडद लाल झाला की बास. पिवळा पडेपर्यंत तापवू नका आणि गरम असताना पाणी ओतू नका, पुन्हा सांगतो, पाणी ओतू नका. पुढची पट्टी कडक लोखंडाची असते, ती तापवली की मऊ पडते, पाणी मारलं तर तडकते. ती बदलायचीच.

वेल्डिंग शक्यतो बकेट उतरवून करा. नाहीच जमलं तर बॅटरीची वायर काढा, अर्थिंग बकेटलाच लावा, ट्रॅक्टरला नाही, नाहीतर करंट पिना-बेअरिंगमधून फिरतो. पावसाळ्यात ओल धरलेले वेल्डिंगचे रॉड वापरू देऊ नका. आणि "मजबुतीसाठी" चारी बाजूंनी जाड पट्ट्या मारून घेऊ नका, तेवढं वजन उचलण्यातून कमी होतं.

माझं मत विचाराल तर नट-बोल्टची उलटी करता येणारी पट्टी बसवा. एक धार झिजली की फिरवायची, गॅस नको वेल्डिंग नको. तोल राहावा म्हणून ट्रॅक्टरच्या मागे वजनही बांधा.

अनुदान दुरुस्तीला नाही. नवीन अवजाराला सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी, आधी बिल फाडलं तर मिळणार नाही.