बाल्कनी कोणासाठी आणि किती तासांसाठी? क्रूझच्या केबिनबद्दल वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगली भागातून क्रूझला निघणारी कुटुंबे साधारण दोन वाटांनी जातात. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप ही एक, आणि विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून पेनांग किंवा फुकेत ही दुसरी. बुकिंगच्या वेळी घराघरात अडतो तो केबिनचा प्रश्न. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

आम्ही दोघे आणि ६ व ३ वर्षांची दोन मुले. मुंबई–गोवा–मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ ठरते आहे. एजंट म्हणतात, बाल्कनीशिवाय क्रूझला अर्थ नाही. पैशांचा फरक बराच आहे. काय करावे? (वाई)

एवढ्या छोट्या फेरीसाठी बाल्कनी घेऊ नका. बाल्कनीचे पैसे रात्रींच्या हिशेबाने भरायचे असतात, पण ती उपयोगी पडते फक्त उजेडाच्या तासांत, तेही तुम्ही केबिनमध्ये असाल तर. पहिल्या दिवशी जहाज संध्याकाळकडे सुटते. त्या वेळी सुरक्षेची कवायत असते आणि मुलांना वरच्या डेकवर जायचे असते. मुंबई मागे पडताना बघायची तर वरच्या उघड्या डेकसारखी जागा नाही, कारण बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते. मग अंधार, जेवण, शो. दुसऱ्या दिवशी जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागले, तर तुमच्या बाजूला समुद्र येईल की धक्का आणि क्रेन, हे नशिबावर. दोन रात्रींत बाल्कनीत बसण्याचे खरे तास चार-पाचच्या वर जात नाहीत. समजा, चौघांच्या तिकिटात २० हजारांचा फरक पडतो, तर तासाला चार-पाच हजार झाले. तेच पैसे किनाऱ्यावरच्या सहलीला किंवा पुढच्या वेळी एक रात्र वाढवायला वापरा.

शिवाय मुंबईहून जाणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असत आणि साध्या केबिनही आजच्या मानाने लहान असत. आतली, म्हणजे खिडकी नसलेली केबिन १२० चौरस फुटांच्या आसपास धरून चला. चौघांचे सामान त्यात मावायचे तर कडक कवचाच्या मोठ्या ट्रॉली बॅगा टाळा. मऊ कापडी बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सारता येतात.

मधला मार्ग म्हणजे खिडकीची केबिन. काच उघडत नाही, पण उजेड येतो, दिवस-रात्र कळते आणि ३ वर्षांच्या मुलाची काळजी राहत नाही. तुमच्यासाठी आम्ही हीच सुचवू.

सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घेतली आहे, केबिन बाल्कनीची. सोबत ४ वर्षांची नात आहे, फार चपळ आहे. बाल्कनी किती सुरक्षित असते? (मिरज)

कठडा साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर. खाली जाड काच किंवा पोलादी पत्रा असतो, त्यामुळे चार वर्षांचे मूल सहसा गजांतून घसरत नाही. खरा धोका खुर्चीचा आहे. खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असते. मूल त्यावर उभे राहिले, की ११० चा कठडा त्याच्यासाठी ६५ चा होतो. टेबलाचेही तसेच. म्हणून केबिनमध्ये शिरताच पहिले काम हे करा: स्टुअर्डला (केबिनची व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) बोलावून बाल्कनीतले टेबल आणि जास्तीची खुर्ची काढून न्यायला सांगा. राहिलेली खुर्ची दाराला टेकवून ठेवा आणि उठताना आत घ्या.

दुसरे, दाराची कडी. बऱ्याच जहाजांवर मुलांचा हात पोचणार नाही अशी वरची कडी असते. ती कुठे आहे ते मोठ्यांपैकी प्रत्येकाने स्वतः लावून-काढून बघावे. दुपारी सगळे डुलक्या घेत असताना कडी लावलेलीच हवी. ‘कोणी ना कोणी जागे असेल’ यावर विसंबू नका. मूल बाल्कनीत असेल तेव्हा एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर, मोबाइल खिशात. यात सूट नाही.

तिसरे, वारा. बाल्कनीचे दार उघडे असताना कोणी बाहेरच्या पॅसेजचे दार उघडले, तर वारा आरपार सुटतो आणि जड दार जोरात आपटते. बोटे चेमटतात ती अशीच. एका वेळी एकच दार उघडायचे, ही शिस्त नातीलाही शिकवा. दार उघडे ठेवले तर अनेक जहाजांवर त्या केबिनचे एसी आपोआप बंद होते आणि दमट हवेने आत पाणी धरते.

केबिनचा क्रमांक अजून पक्का झाला नसेल, तर आणखी एक गोष्ट मागता येईल. बाल्कनीच्या केबिन दोन मांडणींत असतात: पलंग बाल्कनीकडे आणि सोफा आतल्या बाजूला, किंवा उलट. नात सोफाबेडवर झोपणार असेल तर पहिली मांडणी घ्या. नात बाल्कनीच्या दारापासून लांब राहते. दुसऱ्या मांडणीत सोफाबेड उघडला की बाल्कनीत जायची वाटच अडते, आणि मूल झोपल्यावर ज्या बाल्कनीचे पैसे भरले तिथे जाता येत नाही.

कपडे वाळत घालायची जागा म्हणून बाल्कनीकडे बघू नका. कठड्यावर टॉवेल टाकायला मनाई असते, कारण तो उडून खालच्या बाल्कनीत किंवा समुद्रात जातो. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. लोहचुंबकाचे चार हुक सोबत ठेवले, तर नातीचा पोहायचा पोशाख आतच टांगता येतो.

आईचे वय ७१. खंबाटकीच्या घाटातही तिला गाडी लागते. बाल्कनीत मोकळी हवा मिळेल म्हणून वरच्या मजल्यावरची बाल्कनी बघतो आहोत. बरोबर आहे ना? (इस्लामपूर)

हेतू चांगला आहे, पण जागा चुकते आहे. बोट लागू नये म्हणून केबिनचा प्रकार जितका महत्त्वाचा, त्याहून तिचे ठिकाण महत्त्वाचे. जहाजाचे नाक आणि शेपूट वरखाली होते, तेव्हा सर्वांत कमी हालचाल मध्यावर असते. सी-सॉच्या मधोमध बसणाऱ्याला झोका बसत नाही, तसेच. जहाज दोन्ही बाजूंना कलते, तेव्हा जितके वर जाल तितका झोका मोठा. म्हणजे आईसाठी लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन हवी. जहाजाला पाण्याखाली पंख असतात. ते बाजूंचे डोलणे बरेच कमी करतात, पण नाक-शेपटाची वरखाली हालचाल त्यांनी थांबत नाही. म्हणून नाकाकडची केबिन कितीही स्वस्त मिळाली, तरी आईसाठी नको.

क्षितिज दिसले की मळमळ कमी होते, हे खरे. डोळे आणि तोल सांभाळणारा आतला कान यांचे म्हणणे जुळते. पण बाल्कनीच्या केबिन बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. आईसाठी खालची, मध्यावरची, खिडकीची केबिन घ्या आणि अस्वस्थ वाटले तर तिला मधल्या उघड्या डेकवर न्या.

बोट लागण्याच्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, त्या आधी घ्यायच्या असतात. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येण्याची आणि तोल जाण्याची शक्यता असते. काचबिंदू किंवा लघवीच्या तक्रारी असणाऱ्यांना काही गोळ्या चालत नाहीत. म्हणून आईची नेहमीची औषधे दाखवून डॉक्टरांकडून गोळी आणि वेळ लिहूनच घ्या. उपाशीपोटी राहू नये. थोडे-थोडे कोरडे खावे, तळलेले टाळावे.

उंबऱ्याकडेही लक्ष द्या. बाथरूमला आणि बाल्कनीच्या दाराला बहुधा उंचवटा असतो. गुडघेदुखी असेल तर रात्री अडखळायला तेवढे पुरते. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवा.

हंगामाचे म्हणाल तर सिंगापूर–पेनांग मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे पाणी सहसा शांत असते. आईची पहिली क्रूझ असेल तर हा मार्ग सोपा. अरबी समुद्र पावसाळ्याच्या तोंडावर खवळू लागतो. मुंबईहून जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

आम्ही आठजण: आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा, १४ आणि ९ वर्षांची मुले. सिंगापूरहून चार रात्री. चौघांच्या दोन बाल्कनी घ्याव्यात की वेगळे काही? (सातारा)

चौघांच्या दोन केबिन म्हणजे आठ माणसांना दोनच बाथरूम. सकाळी नाश्ता करून किनाऱ्यावर उतरायचे त्या दिवशी याचा ताप कळतो. त्याऐवजी चार केबिनचा भाव काढून बघा: एक किंवा दोन बाल्कनीच्या, आणि बाकीच्या पॅसेजच्या पलीकडे, दारासमोर, आतल्या. बाल्कनी एकाच जोडप्याच्या केबिनला असली, तरी संध्याकाळचा चहा सगळे तिथेच घेतात. अशी एक बाल्कनी आठजणांना पुरते. ती आजी-आजोबांना द्या. दिवसभर केबिनमध्ये सगळ्यांत जास्त तेच असतात, आणि बाल्कनीचे पैसे वसूल होतात ते बसणाऱ्याकडूनच.

भाव कसा लागतो ते समजून घ्या. केबिनमधल्या पहिल्या दोघांचे भाडे पूर्ण, तिसऱ्या-चौथ्याचे बऱ्याचदा कमी. एकट्याने केबिन घेतली तर जवळपास दोघांचे भाडे पडू शकते. बंदर शुल्क आणि सेवा शुल्क मात्र डोईमागे लागते. त्यामुळे जाहिरातीतला आकडा सोडून सगळे धरून आठजणांचा एकूण आकडा लेखी मागा. दोन मांडण्यांतला फरक तेव्हाच कळतो, आणि तो अनेकदा वाटतो त्याहून कमी निघतो.

मुले आतल्या केबिनमध्ये एकटी राहणार असतील, तर बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनला एक प्रौढ दाखवावा लागतो. त्या प्रौढाचे किमान वय कंपनीप्रमाणे बदलते. जहाजावर गेल्यावर झोपायची वाटणी आपापसांत करता येते. जादा चाव्या रिसेप्शनवर मागायच्या. नऊ वर्षांच्या मुलाला वरचा बंक (बर्थ) चालेल. सहा वर्षांखालच्या मुलांना काही कंपन्या वर झोपू देत नाहीत.

तिघा-चौघांच्या केबिन लवकर संपतात, कारण त्या मुळातच कमी असतात आणि लाइफबोटींनुसार जहाजाच्या प्रत्येक भागातली माणसांची संख्या ठरलेली असते. दिवाळीसाठी सहा महिने आधी हलायला हवे.

आणि ‘गॅरंटी’ नावाचे स्वस्त भाडे तुमच्यासाठी नाही. त्यात केबिनचा क्रमांक कंपनी ठरवते. चार केबिन चार मजल्यांवर गेल्या तरी तक्रार करता येत नाही.

नकाशा बघून केबिन निवडताना नेमके काय तपासायचे? (तासगाव)

तुमच्या मजल्यापेक्षा वरचा आणि खालचा मजला आधी बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर शांतता मिळते. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल, तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके. अगदी नाकाकडे नांगराची साखळी आणि बंदरात वळण्याची यंत्रे सकाळी सहाला उठवतात. नकाशावर केबिनशेजारी कोरी, नाव नसलेली जागा दिसली तर सावध व्हा. तिथे कर्मचाऱ्यांचे भांडार किंवा स्वयंपाकघराची वाट असू शकते.

बाल्कनी संशयास्पद स्वस्त दिसली तर दोन शक्यता. समोर लाइफबोट टांगलेली असेल, किंवा बाल्कनी समुद्राकडे नसून जहाजाच्या आतल्या चौकाकडे उघडत असेल. काही मोठ्या जहाजांवर अशी सोय असते. आतली बाल्कनी वाईट नाही, पण समुद्र बघायला निघालेल्याची निराशा होते. एजंटला केबिन क्रमांक विचारा आणि नकाशा स्वतः बघा.

आतल्या केबिनमध्ये गुदमरते का? (कोरेगाव)

नाही. ताजी हवा यंत्राने सतत आत सोडली जाते. त्रास होतो तो अंधाराचा: दिवा मालवला की हात दिसत नाही आणि सकाळ झालेली कळत नाही. टीव्हीवर बहुधा जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चॅनल असते. आवाज बंद करून ते लावून ठेवा. रात्रीचा दिवाही होतो आणि उजाडलेलेही कळते. बंद जागेची खरी भीती असणाऱ्यांनी मात्र खिडकी घ्यावी.

सासूबाईंची रोजची पूजा असते. केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती चालेल का? (कराड)

चालणार नाही, बाल्कनीतही नाही. आग ही जहाजावरची सर्वांत गंभीर गोष्ट. काडेपेटीसह हे सगळे तपासणीत काढून घेतात. इस्त्री, पाण्याची किटली, पाण्यात बुडवायचा कॉइलचा हीटर यांचेही तेच. सेलवर चालणारा छोटा दिवा न्या. सकाळी पूर्वेला तोंड करून सूर्याला हात जोडायचे असतील तर एक लक्षात घ्या: मुंबईहून दक्षिणेला जाताना पूर्व जहाजाच्या डावीकडे असते, परतताना उजवीकडे. एका बाजूची केबिन घेऊन दोन्ही सकाळी सूर्योदय मिळत नाही. वरचा डेक सगळ्यांसाठी मोकळा असतो.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळीच सीएसएमटीला पोचू. केबिन लगेच मिळते का? (सांगली)

मिळत नाही. आधीचे प्रवासी उतरून सफाई व्हायला दुपार होते. जहाज सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे, पण तिथे सकाळी आठला जाऊन उपयोग नाही. वयस्कर मंडळी असतील तर फोर्ट भागात अर्ध्या दिवसाची खोली आधीच ठरवून ठेवा. रस्त्याने येणार असाल तर शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटातली कोंडी धरून निघा. बंदराचे फाटक बंद झाले की जहाज थांबत नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. औषधे, ओळखपत्रे, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.