प्रतिस्पर्ध्याशी ड्राफ्टचा सौदा करताना
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये आपल्याच विभागातील संघाशी ड्राफ्टच्या निवडींची (नवे खेळाडू ठरलेल्या क्रमाने निवडण्याच्या हक्कांची) अदलाबदल करूच नये, असे तुम्हाला अनेक जण सांगतील. परंतु तो संघ दर हंगामात दोनदा समोर येतो, एवढ्याच कारणावरून सौदा मोडू नका, त्याच्याकडून थोडी जास्त किंमत वसूल करा. 2022 साली मिनेसोटाने 12 आणि 46 क्रमांकांच्या निवडी आपल्याच विभागातील डेट्रॉइटला देऊन 32, 34 आणि 66 घेतल्या. माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रत्येक क्रमांकाच्या निवडीचे मोल गुणांत सांगणाऱ्या तक्त्यात हा हिशेब मांडून पाहा: दिले 1640 गुण, मिळाले 1410. मला खटकते ते हेच. डेट्रॉइटने 12व्या क्रमांकावर जेमिसन विल्यम्स हा वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) उचलला. तेव्हा होकार देण्यापूर्वी समोरच्याचा डोळा कोणत्या खेळाडूवर आहे, याचा अंदाज बांधा.